नवा कॉम्प्युटर, जुनं लॉक: विंडोज 11 ठेवायचं की 10 वर उतरायचं?

23 ऑक्टोबर 2025

काल पाडव्याच्या मुहूर्तावर दुकानात नवा डेस्कटॉप आला. तेराव्या पिढीचा आय5, 16 जीबी रॅम, 512 जीबीची एनव्हीएमई डिस्क, सोबत विंडोज 11 होम. आमचं छपाईचं छोटं दुकान नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या गल्लीत आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, पंचवटीतल्या गुरुजींच्या पूजेच्या पुस्तिका, आणि हंगाम आला की पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षपेट्यांची लेबलं, हे आमचं काम. जुन्या मशीनवर 32-बिटचं विंडोज 7 आहे. त्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत. आज चालू झालं म्हणजे उद्या होईलच असं नाही.

अडचण अशी की आमचं जवळजवळ सगळं जुनं मॅटर पेजमेकर 7 या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर चालतं. लॉक नसेल तर ते उघडतच नाही. नव्या मशीनला लॉक लावलं, दिवा लागलाच नाही.

आमचे कंपोझिटर काका बघत होते. म्हणाले, "ताई, हे अकरा काढून टाका. दहा घाला. माझ्या भाच्याकडे दहावर सगळं चालतंय." मशीन जिथून घेतलं तिथला मुलगाही फोनवर तेच म्हणाला: पाचशे रुपये द्या, तासाभरात दहा टाकून देतो, विंडोजची की (परवान्याचा क्रमांक) पण आमच्याकडची.

काकांना मी आठवडाभर थांबायला सांगितलं. तुळशीची लग्नं 2 नोव्हेंबरपासून लागतील, मग पत्रिकांची रांग सुरू होईल. त्याआधी निकाल लावायचा. अशा अवस्थेतली दुकानं पुष्कळ आहेत, म्हणून जे केलं ते तारखेनं लिहून ठेवते आहे.

24 ऑक्टोबर

काहीही काढण्याआधी कागदावरचा हिशोब. विंडोज 10 ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, ती 13 ऑक्टोबर 2026 ला संपते. म्हणजे खाली उतरले तरी पुढच्या दिवाळीआधी हाच प्रश्न पुन्हा समोर येणार.

दुसरं, परवान्याचं. कॉम्प्युटरसोबत आलेल्या विंडोज 11 प्रो ला 10 प्रो वर उतरण्याचा हक्क परवान्यातच दिलेला असतो. होमला तो नाही. आमचं होम आहे. खरेदीच्या वेळी हे कोणी सांगत नाही, आणि बिलावर नुसतं 'विंडोज 11' लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनवर काय आहे ते सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, इथे दिसतं.

"सेटिंग्जमध्ये परत जा असं बटण असतं ना?" असं धाकट्या भावानं विचारलं. ते बटण आधी 10 असलेल्या आणि वर चढवलेल्या मशीनसाठी आहे, तेही पहिल्या दहा दिवसांपुरतं. कारखान्यातूनच 11 घेऊन आलेल्या मशीनला मागे जायला काही नसतं. तिथे डिस्क पुसून नव्यानं टाकणं हाच मार्ग.

पाचशे रुपयांच्या कीला मी नाही म्हटलं. पतसंस्थांचे अहवाल या मशीनवर बनतात, त्यात सभासदांची नावं आणि आकडे असतात. कुठून आली ते माहीत नसलेली की आणि कोणी बनवला ते माहीत नसलेला पेनड्राइव्ह त्या मशीनला लावणार नाही.

25 ऑक्टोबर

आज फक्त परतीची वाट तयार केली. ज्यांना घाई आहे त्यांनीही एवढं करावंच.

नव्या विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, कोणी विचारत नाही. पुढे बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट वगैरे हलवलं की निळा पडदा येतो आणि 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मी ती आधी काढून वहीत लिहिली आणि दोघांकडून ताडून घेतली. (नंतरची भर: पुढच्या आठवड्यात तो पडदा खरंच आला.) वही नसती तर नवी डिस्क हातात असून उघडता आली नसती.

मग 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह केला. त्याला संध्याकाळ गेली, पेनड्राइव्ह स्वस्तातला होता आणि लिहिण्याचा वेग फार कमी. चांगला घ्या.

27 ऑक्टोबर

नेमकं काय चालत नाही, त्याची यादी. नुसतं 'अकरावर चालत नाही' म्हणून भागत नाही, म्हणून काकांना शेजारी बसवून एकेक वस्तू लावली.

पेजमेकर चढलं. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' हा पर्याय कायमचा लावल्यावर जुन्या फायली उघडल्या. म्हणजे ज्याची सगळ्यात भीती होती ते 24 वर्षांचं सॉफ्टवेअर अकरावर बसलं.

लेझर प्रिंटर युनिव्हर्सल ड्रायव्हरवर लगेच चालला (ड्रायव्हर म्हणजे उपकरणाची विंडोजशी गाठ घालणारं सॉफ्टवेअर).

स्कॅनर चालला नाही. त्याच्या सीडीवर ड्रायव्हर आहे, पण इन्स्टॉलर म्हणतो हे या सिस्टीमसाठी नाही.

लॉक चाललं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड 28, म्हणजे ड्रायव्हरच नाही. सॉफ्टवेअरच्या सीडीवरचा ड्रायव्हर घेतला तर तोही बसला नाही.

काकांच्या इतर तक्रारी मात्र सुटण्यासारख्या निघाल्या. टास्कबार डावीकडे नेला. राइट क्लिकवर अर्धाच मेनू येतो, तिथे शिफ्ट आणि एफ10 दाबलं की जुना पूर्ण मेनू येतो. हे दोन बदल केल्यावर त्यांचा अकरावरचा राग बराच उतरला. यादीत उरले लॉक आणि स्कॅनर.

30 ऑक्टोबर

दहावर खरंच चालतं का, ते पाहायचं ठरवलं, पण मूळ डिस्कला हात न लावता. मेनरोडवरून 256 जीबीची दुसरी एनव्हीएमई आणली, दोन हजारांच्या आत मिळाली. मशीन उघडून मूळ डिस्कचा स्क्रू काढला, डिस्क पाकिटात घालून तारीख लिहिली आणि गल्ल्यात ठेवली. तिच्या जागी नवी. इथून पुढे काहीही बिघडलं तरी नुकसान या दोन हजारांचंच.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 10 ची अधिकृत फाइल घेऊन पेनड्राइव्ह बनवला. इन्स्टॉलर सुरू झाला आणि डिस्क निवडायच्या पडद्यावर यादी रिकामी. डिस्क बसवताना हलली असेल म्हणून मशीन पुन्हा उघडलं, काढून घातली, तेच. दुपार यातच गेली.

कारण वेगळंच होतं. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल मशीनमध्ये बायोसमध्ये डिस्क हाताळणारी व्हीएमडी नावाची सोय चालू असते, आणि विंडोज 10 च्या इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. डिस्क असते, त्याला दिसत नाही. मशीनच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घेतला, फाइल उलगडून त्याच पेनड्राइव्हवर टाकली, 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवली. डिस्क दिसली. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण मग मूळ डिस्कवरचं विंडोज 11 चालू होताना अडखळू शकतं, म्हणून ते केलं नाही.

31 ऑक्टोबर

64-बिटचं दहा चढलं, सक्रिय न करता, फक्त चाचणीपुरतं. नेटवर्क नव्हतं: ना वायफाय, ना केबल. फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू केलं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर थेट इंटेलकडून घेतला. मशीनच्या कंपनीच्या पानावर या मॉडेलसाठी फक्त 11 चे ड्रायव्हर आहेत, त्यामुळे आवाज आणि आणखी एक-दोन अनोळखी उपकरणं पिवळीच राहिली.

मग काकांना बोलावून लॉक लावलं. दिवा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड 28. स्कॅनर लावला, तोच इन्स्टॉलर, तोच नकार.

काका म्हणाले, "मग भाच्याकडे कसं चालतंय?" त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. भाच्याला सिस्टीम टाइप वाचायला सांगितलं. त्याच्याकडे 10 आहे, पण 32-बिटचं, जुन्याच मशीनवर.

सगळा गुंता इथे सुटला. इतके दिवस आम्ही दहा की अकरा यावर बोलत होतो, आणि आमचं लॉक विंडोज 32-बिटचं की 64-बिटचं यावर अडलं होतं. जुनं 32-बिट सॉफ्टवेअर 64-बिट विंडोजवर चालतं, म्हणून तर पेजमेकर चाललं. पण ड्रायव्हर हा विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि 64-बिटच्या गाभ्यात 32-बिट ड्रायव्हर बसतच नाही. विंडोज 7 चं 64-बिट घेतलं असतं तरी लॉक तिथेही असंच गप्प राहिलं असतं. अकरामध्ये 32-बिटची आवृत्ती निघालेलीच नाही, त्यामुळे सगळा दोष अकराच्या नावावर जातो.

खाली उतरण्याचा विचार करणाऱ्यानं जुन्या मशीनवर आधी 'सिस्टीम टाइप' वाचावं. तिथे 32-बिट लिहिलं असेल, तर 64-बिट दहावर उतरून ड्रायव्हरचा प्रश्न सुटणार नाही. तिथे 64-बिट असेल आणि तरीही नव्यावर अडत असेल, तर मात्र दहाचा विचार करण्यात अर्थ आहे. अंबडच्या एका वर्कशॉपवाल्या ओळखीच्या दादांची स्थिती तशी आहे: मशीनसोबतचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं फक्त 10 वर हमी दिली आहे. त्यांनी सुरुवातीलाच प्रो घेतलं, ते रीतसर उतरले. त्यांच्यासाठी ते बरोबर आहे.

2 नोव्हेंबर

32-बिटचं विंडोज 10 थेट या मशीनवर टाकता येतं का, तेही पाहिलं. पेनड्राइव्हवरून बूटच होत नाही. मशीनचं यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) 64-बिटचं आहे, ते 64-बिट विंडोजच उचलतं, आणि जुन्या पद्धतीचं बूट या बायोसमध्ये दिलेलंच नाही. झालं असतं तरी 32-बिट विंडोज 4 जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही. 16 जीबीचे पैसे दिलेत.

विंडोज 7 चा प्रयत्न मी केला नाही. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी 3 चा ड्रायव्हर नाही, कीबोर्ड-माउसच चालत नाहीत, आणि या पिढीच्या ग्राफिक्ससाठी 7 चा ड्रायव्हर नाही. त्याचा सपोर्टही 14 जानेवारी 2020 ला संपला.

एकानं लॉक तोडून दिलेलं सॉफ्टवेअर देऊ केलं. घेतलं नाही. पैसे मोजून घेतलेलं लॉक आमच्याकडे आहे, ते चालवायचं.

मूळ डिस्क परत बसवली. सुरू करताना 48 आकडी की मागितली (पेनड्राइव्हसाठी बायोसमध्ये केलेल्या बदलांमुळे), वहीतून घातली, विंडोज 11 जसंच्या तसं उघडलं. दहाचा विषय इथे संपला.

6 नोव्हेंबर

नवा मार्ग: विंडोज 11 च्या आत व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), आणि त्यात जुनं 32-बिट विंडोज 7. आमच्याकडे 7 ची डब्यातली, म्हणजे रिटेल प्रत आहे, ती एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर घालता येते. कॉम्प्युटरसोबत आलेली प्रत असती तर ती त्या मशीनशीच बांधलेली असते.

दुकानासाठी महत्त्वाचं: व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग धंद्यासाठीही मोफत आहे, पण 'एक्स्टेन्शन पॅक' वैयक्तिक वापराला मोफत, धंद्याला नाही. पूर्वी यूएसबी 2 साठी तो पॅक लागायचा. आवृत्ती 7.0 पासून ती सोय मूळ भागात आली, त्यामुळे आता पॅक टाकायची गरज नाही.

पहिल्यांदा लॉक आत दिसलं नाही, कारण यूएसबीचा पर्याय 3.0 वर होता आणि विंडोज 7 ला तो कळत नाही. 2.0 निवडलं, लॉकसाठी फिल्टर लावला, म्हणजे लॉक खोचलं की ते आपोआप आतल्या विंडोजकडे जातं. मग सीडीवरचा जुना ड्रायव्हर टाकला. लॉकचा दिवा लागला. काकांनी लगेच श्री गणेशाय नमः टाइप करून पाहिलं.

बाहेरच्या आणि आतल्या विंडोजमध्ये फायली नेण्यासाठी गेस्ट अ‍ॅडिशन्स लागतात. ते अर्धवट बसले, कारण जुन्या 7 ला नव्या प्रकारच्या डिजिटल सह्या ओळखता येत नाहीत. 2019 मध्ये आलेला केबी4474419 हा अपडेट टाकल्यावर नीट बसले. हे शोधण्यात अख्खी सकाळ गेली.

सगळं बसल्यावर आतल्या विंडोजचं नेटवर्क कार्ड काढून टाकलं. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या सिस्टीमला इंटरनेट द्यायचं नाही, हा नियम मी दुकानात कागदावर लिहून लावला आहे.

8 नोव्हेंबर

काका काम करायला बसले आणि दोन गोष्टी निघाल्या, ज्या मला एकटीला कधी कळल्या नसत्या.

एक, उजवं कंट्रोल बटण. व्हर्च्युअलबॉक्स ते स्वतःसाठी राखून ठेवतं. काकांची बोटं शॉर्टकटसाठी त्याच बटणावर जातात, आणि दर वेळी कर्सर आतल्या विंडोजमधून बाहेर येत होता. ते वैतागून उठलेच. प्रेफरन्सेसमध्ये 'होस्ट की' बदलून स्क्रोल लॉक केली. प्रश्न मिटला.

दोन, वेग. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत होतं. विंडोज 11 मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असली की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाही, आणि कासवाचं चिन्ह येतं. ती बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी ती चालूच ठेवली. ती सोय गाभ्यात वाईट कोड घुसू देत नाही, आणि या मशीनवर बँकेचे व्यवहारही होतात. पेजमेकरचं काम हलकं आहे. मोठा अहवाल उघडायला थोडं थांबावं लागतं, टायपिंगला काहीच फरक पडत नाही.

11 नोव्हेंबर

छपाईला द्यायच्या पीडीएफनं रडवलं.

आतल्या विंडोजमध्ये पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या भाषेत फाइल देणारा) प्रिंटर घालून फाइल काढायची आणि बाहेर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरनं तिची पीडीएफ करायची, अशी योजना. पहिली पीडीएफ उघडली तर पत्रिकेतली निम्मी नावं गेलेली, त्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवतात. फॉन्ट सोबत गेला नाही की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. ही फाइल तशीच प्लेटला गेली असती तर एका घरचं लग्न आणि आमचं नाव, दोन्हींची शोभा झाली असती.

उपाय प्रिंटरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये सापडला. ट्रूटाइप फॉन्टसाठी 'डिव्हाइस फॉन्ट वापरा' असं होतं, ते बदलून 'सॉफ्टफॉन्ट म्हणून पाठवा' केलं. मग सगळी अक्षरं जागेवर आली. तरी मी प्रत्येक पीडीएफ दुसऱ्या, हे फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर उघडून पाहते. तिथे नीट दिसली तरच पुढे.

स्कॅनरही आतल्या विंडोजलाच जोडला, जुन्या ड्रायव्हरवर चालतो. जास्त डीपीआयला वेळ लागतो.

17 नोव्हेंबर

लग्नसराईच्या पत्रिका सुरू आहेत, आणि त्या नव्या मशीनवर निघताहेत. जुन्या मशीनमधली सगळी फोल्डर कॉपी करून त्याचं वायर काढलं.

एक काळजी उरली, आणि ती विंडोजची नाही. सगळी जुनी फोल्डरं त्या एका अंगठ्याएवढ्या लॉकवर टेकलेली आहेत. ते मेलं तर आतलं विंडोज असून उपयोग नाही. म्हणून ठरवलं की नवं काम युनिकोडमध्येच, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची जागा असलेल्या पद्धतीत करायचं. विंडोज 11 मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे आणि फोनेटिकही. फोनेटिक 2019 पासून विंडोजमध्येच मिळतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. फॉन्टसाठी एक टाइपचे मुक्ता आणि बालू मोफत आहेत. मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी मला आवडला, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. ज्यांच्याकडे इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर आहे त्यांनी परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. आम्ही स्क्रायबस या तशाच मोफत सॉफ्टवेअरवर शिकतो आहोत.

काकांना युनिकोड नको होतं. तीस वर्षांची बोटांची सवय आहे, आणि त्यांचं दुःख मला कळतं. मी त्यांना रोज एकच छोटं काम त्यात करायला सांगते, व्हिजिटिंग कार्ड किंवा पावतीपुस्तक. काल त्यांनी आपणहून एक पत्रक केलं.

24 नोव्हेंबर

जुनं मॅटर युनिकोडमध्ये बदलायला सुरुवात. कन्व्हर्टर नव्वद टक्के काम करतो असं म्हणतात. उरलेलं काम माणसाचंच, आणि ते वगळता येत नाही. रफार एक अक्षर मागे किंवा पुढे सरकतो. चंद्रकोरीसारखा र तर हमखास हुकतो: सुरगाण्याकडचं बाऱ्हे गाव 'बार्हे' होऊन आलं, गोऱ्हे आडनावाचं 'गोर्हे' झालं. स्पेलिंग तपासणी आडनावं आणि गावं ओळखत नाही. म्हणून बदललेली प्रत आणि जुन्या मशीनची छापील प्रत शेजारी ठेवून एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा पाहतो. पूजेच्या पुस्तिका आधी घेतल्या आहेत, कारण त्या दर वर्षी पुन्हा छापतात आणि 2027 च्या सिंहस्थाला मागणी वाढेल. जुन्या लग्नपत्रिका बदलत बसणार नाही, त्यांची पीडीएफ काढून ठेवली की पुरे.

खर्च असा: चाचणीची डिस्क दोन हजारांच्या आत, चांगला पेनड्राइव्ह सहाशे, डिस्कचा यूएसबी डबा तीनशे, एकूण एकोणतीसशेच्या आसपास. सॉफ्टवेअरला काही नाही. वेळ मात्र खूप गेला, आणि त्यातला मोठा भाग रिकाम्या डिस्क-यादीत आणि फॉन्ट गेलेल्या पीडीएफमध्ये.

दहा टाकून पाहिलेली डिस्क पुसली आणि तीनशे रुपयांच्या यूएसबी डब्यात घातली. आतलं विंडोज 7 म्हणजे शेवटी एक मोठी फाइल आहे. दर शनिवारी दुकान बंद करताना ते नीट शटडाउन करून ती फाइल या डिस्कवर कॉपी करायची आणि डिस्क घरी न्यायची, हे काम भावाकडे दिलं आहे. लॉकच्या कंपनीला 64-बिट ड्रायव्हरबद्दल आणि जादा लॉकबद्दल पत्र टाकलं आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.